वीस आर जागेसाठी

सप्टेंबर २०२४ मध्ये आमच्या गावच्या दफनभूमीचा आदेश निघाला आणि नोव्हेंबरात सातबाऱ्यावर नोंद चढली. सगळं मिळून सव्वादोन वर्षांच्या वर गेलं. हे लिहून काढतेय, कारण सुरुवातीला मी असंच काहीतरी वाचायला शोधत होते आणि सापडत नव्हतं. शहरातल्या सिमेटरीबद्दल मिळतं, कब्रस्तानांच्या भिंतींबद्दल मिळतं. खेड्यातल्या मोजक्या ख्रिस्ती घरांनी माणूस गेल्यावर जायचं कुठं, याबद्दल कोणी लिहीत नाही.

मी उमेदची, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाची, सीआरपी आहे; बचत गटांसोबत काम करणारी गावातली कार्यकर्ती. आठवडाभर बचत गटांच्या वह्या तपासायच्या, कर्जाचे प्रस्ताव भरून द्यायचे आणि रविवारी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, संडे स्कूल घ्यायचं, असं माझं चाललेलं असतं. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, नाव मुद्दाम लिहीत नाही. मंडळी लहान आहे. पाळक महिन्यातून एकदा येतात, बाकीच्या रविवारी उपासना आमची वडीलधारी माणसंच चालवतात. माझे आजोबा यवतमाळच्या बायबल सेमिनरीत स्वयंपाकघरात होते. १९५३ साली सुरू झालेली ती सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला गेली, आणि आजोबा गावाकडं परतले.

आजोबांच्या काळापासून आमची माणसं एका ख्रिस्ती कुटुंबाच्या शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, पुरली जायची. कागद नव्हता, कोणी मागितलाही नाही. मग ते शेत विकलं गेलं. नव्या मालकानं आहेत त्या कबरींना हात लावला नाही, पण नवीन नको म्हणाला. त्याचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. त्यानं पैसे मोजून शेत घेतलं होतं.

जुलै २०२२ च्या झडीत मोठी आई वारली. मातीसाठी यवतमाळला न्यायचं होतं, पण नाल्याला पूर, पुलावरून पाणी, रस्ता बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी उतरलं, तेव्हा कुठं पिकअप निघाला. गाडीचे साडेतीन हजार, तिकडचा खर्च वेगळा. आणि पावसामुळं गावातले निम्मे लोक मातीला येऊच शकले नाहीत. नंतरच्या रविवारी उपासना झाल्यावर विषय निघाला, की आता गावातच जागा पाहिजे. फॉर्म भरता येतात म्हणून सगळे माझ्याकडं बघायला लागले. पाळक म्हणाले, ही तुझी सेवा समज. मला ते तेव्हा काही पटलं नाही. लेकरांना गीत शिकवणं, आजाऱ्याच्या घरी जाऊन प्रार्थना करणं याला मी सेवा म्हणत होते. तहसीलच्या बाकावर बसायची मला भीती वाटत होती, आणि सव्वीस वर्षांच्या बिनलग्नाच्या पोरीनं स्मशानाच्या जागेचं बोलायचं म्हणजे घरातही कुरकुर होतीच.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी तोंडी विषय मांडला. उत्तर आलं, अर्ज द्या. अर्ज दिला. इथं एक सांगून ठेवते: कुठलाही अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. "ठेवून जा, बघतो" म्हटलं तरी हसून उभं राहायचं. पुढं दोन ठिकाणी माझा अर्ज "आलाच नाही" असं सांगण्यात आलं, तेव्हा ही पोच दाखवूनच बोलणं पुढं सरकलं.

अर्जात आम्ही ई-क्लासची जागा मागितली होती. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते, ई-क्लास म्हणजे तुमचं गायरान. पटवाऱ्यांनी अर्ज वाचला आणि सरळ सांगितलं, हे होणार नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०११ मध्ये गावच्या सामायिक जमिनींबद्दल निकाल दिला, त्यानंतर १२ जुलै २०११ ला आपल्या राज्याचा शासन निर्णय आला, आणि तेव्हापासून गायरान असं कोणाला देता येत नाही. माणूस खडूस वाटला, पण त्यानं माझं निदान वर्ष वाचवलं. काही गावांत लोक वर्षानुवर्षं गायरानामागंच फिरत राहतात.

रस्ता दाखवला तो निवृत्त कोतवालकाकांनी. त्यांच्या सुनेच्या गटाची वही तपासायला गेले होते, तेव्हा बाजेवरूनच म्हणाले, "निस्तार पत्रक पाह्यलं का वं?" मी हा शब्दच पहिल्यांदा ऐकत होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत, म्हणजे १९६६ च्या कायद्यात, निस्तार पत्रकाची तरतूद फक्त विदर्भापुरती आहे. गावातली कोणाच्या ताब्यात नसलेली जमीन कशाकशासाठी वापरायची, चराई कुठं, खळं कुठं, बाजार कुठं, स्मशान कुठं, हे त्यात लिहिलेलं असतं. काकांचं म्हणणं असं, की गावाच्या पश्चिमेला जे स्मशान आहे ते दोन एकर आहे आणि लोक वापरतात त्यातला एक कोपरा. उरलेलं सगळं वेड्या बाभळींनी खाल्लंय.

सातबारा ऑनलाइन पंधरा रुपयांत निघाला. त्यावर क्षेत्र ०.८१ हेक्टर आणि नुसतं "स्मशान" एवढंच. निस्तार पत्रकाची नक्कल मात्र अभिलेख कक्षातून काढावी लागते. आधी साधा अर्ज केला, तो पडून राहिला. मग दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात मागितलं. तीस दिवसांची मुदत संपता संपता फोन आला, या आणि घेऊन जा. झेरॉक्सवर शाई पसरल्यासारखी दिसत होती, क्षेत्राच्या रकान्यात कसरीनं खाल्लेलं भोक, पण शेजारच्या रकान्यातलं अक्षर स्वच्छ होतं: "मुर्दे जाळणे व गाडणे". मी ते तिथंच कठड्याला टेकून दोन-तीनदा वाचलं. तोवर मी नवीन काहीतरी मागणारी होते. त्या एका ओळीनं मागणीच बदलली. गाडायची जागा गावात आधीपासून होती, आम्हाला फक्त ती आखून हवी होती.

विदर्भातल्या कोणी हे वाचत असेल तर त्यांनी बाकी सगळं राहू द्या, आधी आपल्या गावचं निस्तार पत्रक काढा.

एवढं होईस्तोवर ग्रामपंचायतीची आचारसंहिता लागली. १८ डिसेंबर २०२२ ला मतदान झालं आणि सरपंच म्हणून निवडून आल्या त्या आमच्याच एका गटाच्या अध्यक्ष. हा निव्वळ योग. प्रभूची योजना म्हणणारे मंडळीत बरेच होते, मीही मनातल्या मनात म्हटलं. पण ताई आल्या म्हणून काम झालं असं नाही. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला माणसंच जमली नाहीत. एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातली जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, त्यामुळं आठवड्यानं तो विषय सहज उरकता आला असता. सरपंचताई तयारही होत्या. मीच नको म्हटलं. दहा-बारा डोक्यांत झालेल्या ठरावावर उद्या कोणीही बोट ठेवलं असतं, आणि स्मशानाच्या बाबतीत गावानं मागून तोंड फिरवलं तर मेलेल्या माणसाला घेऊन आम्ही उभं कुठं राहणार?

१ मेपर्यंतचा वेळ आमच्या मंडळीतलंच भांडण मिटवण्यात गेला. मधे १४ ते २० मार्च जुन्या पेन्शनसाठी कर्मचाऱ्यांचा संप झाला, तेव्हा कार्यालयांत तसंही कोणी नव्हतं. (त्याच आठवड्यात, १७ मार्चपासून, एसटीत बायकांना अर्धं तिकीट सुरू झालं. माझ्या पुढच्या सगळ्या फेऱ्या निम्म्या पैशांत झाल्या, हे सांगायलाच पाहिजे.) भांडण असं होतं, की मंडळीतल्या काही ज्येष्ठांना स्मशानाच्या आवारातली जागाच नको होती. आमची वेगळी पाहिजे, भिंत पाहिजे, वर क्रूस पाहिजे. एक आजोबा फार लागेल असं बोलले: "परक्यांना पुरायला कुंभाराचं शेत घेतलं होतं, तसं आपल्याला घेतं का तू?" मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायातलं ते शेत, यहूदाच्या पैशांतून घेतलेलं. मला रडू आलं, पण घरी जाऊन.

पुढच्या रविवारी मी संडे स्कूलच्या लेकरांना उत्पत्तीचा तेविसावा अध्याय वाचायला लावला, मोठी माणसं मागं बसलेली असताना. सारा वारल्यावर अब्राहाम जागा मागायला हेथच्या लोकांकडं जातो. मी तुमच्यात उपरा आहे, असं स्वतःच म्हणतो. वेशीपाशी सगळ्यांसमोर बोलणी होतात, चारशे शेकेल चांदी तोलून दिली जाते, आणि मग शेत, त्यातली गुहा, हद्दीतली झाडं असं एकेक नाव घेऊन ते अब्राहामाचं ठरतं. साक्षीला सगळा गाव. मोजणी झाली, चतुःसीमा झाली, ग्रामसभाही झाली. आणि विश्वासणाऱ्यांचा बाप म्हणतो आपण ज्याला, त्यानं बायकोला पुरलं ते दुसऱ्या देवांना मानणाऱ्यांच्या शेजारात. मी यावर वेगळं काही बोलले नाही. त्या आजोबांनी एवढंच विचारलं, "क्रूस तरी लावता येईल ना?" कबरीवर लावता येईल, म्हटलं.

ठरावाच्या शब्दांवर मी आणि सरपंचताई बरेचदा बसलो. गावात गोसाव्यांची चार घरं आहेत. त्यांच्यातही समाधी देतात, जाळत नाहीत. त्यांची माणसंही तिथंच, बाभळीत जागा करून. मग ठरावात "ख्रिस्ती समाजासाठी" असं न लिहिता "गावातील ज्या समाजांत दफनाची रीत आहे त्यांच्यासाठी" असं लिहायचं ठरलं. मंडळीतल्या दोघांना हे अजूनही आवडलेलं नाही. मला मात्र याहून चांगला शब्द सुचत नाही.

३० एप्रिलला महिला सभा झाली. ग्रामसभेच्या आधी ती घ्यायचीच असते, पण बऱ्याच गावांत नुसत्या सह्या होतात. आमच्या गटांतल्या बायका खरंच आल्या, आणि दुसऱ्या दिवशी ग्रामसभेलाही आल्या. गणपूर्ती झाली. विषय निघाल्याबरोबर मागून एकजण उठला. म्हणाला, आज हे जागा मागतात, उद्या बाहेरगावचे मुर्दे आणून पुरतील, परवा बाहेरचे लोक येऊन बसतील. रोख कशाकडं होता ते सगळ्यांना कळत होतं. माझे हात गार पडले. मी बोलायला उठणार, तेवढ्यात पुढं खाली बसलेली एक म्हातारी, जिचा आमच्या मंडळीशी काडीचा संबंध नाही, ती बसल्या जागेवरून म्हणाली, "ते गाडाचीच जागा हाये. माहे दोन लेकरं तेथंच गाडले हायेत. ते काय बाहीरचे होते काय?"

लहान लेकरू गेलं तर सगळ्याच समाजांत पुरतात. सभेतल्या किती घरांचं काय काय तिथं होतं कोण जाणे. त्या माणसानं नंतर विरोध केला नाही. एक अट घालायला लावली, की गावचा रहिवासी असलेल्याचंच दफन होईल. ती अट मला मान्यच होती. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत ग्रामपंचायतीत करावीच लागते, त्याच नोंदीवर दफनाची जागाही लिहायची असं ठरलं. ठरावात या गोष्टी येतील असं बघा: गट नंबर, एकूण क्षेत्र, त्यातलं किती आणि कोणत्या दिशेचं, जाण्यायेण्याचा रस्ता कुठून, देखभाल कोणाची, आणि सूचक-अनुमोदकांची पूर्ण नावं. आमच्याकडं सूचक गोसाव्यांचे एक भाऊ आणि अनुमोदक सरपंचताईंच्या जाऊबाई. ठरावाची साक्षांकित नक्कल त्याच आठवड्यात मागून घ्या. महिनाभरानं गेलात तर ग्रामसेवक बदलून गेलेले असू शकतात.

मोजणीचा अर्ज ग्रामपंचायतीनं जूनमध्ये केला. तेव्हाच्या दरानं एक हेक्टरपर्यंत साध्या मोजणीला हजार रुपये लागले. नंतर दर वाढले, त्यामुळं भरण्याआधी विचारून घ्या. हे पैसे मंडळीच्या दानातून दिले आणि पावती ग्रामपंचायतीच्या नावानंच घेतली. तारीख मिळाली जानेवारी २०२४ ची. पावसाळ्यात मोजणी होत नाही आणि नंतर शेजारी कपाशी-तूर उभी असते, त्यामुळं त्यात कोणाला दोष देण्यासारखं नव्हतं. फक्त रोज मनात यायचं, की तोवर कोणी जाऊ नये. मंडळीत दोन आजारी म्हातारी माणसं होती. त्यांच्या आरोग्यासाठी प्रार्थना करताना मी खरं कशासाठी प्रार्थना करत होते, हा प्रश्न मला छळायचा.

मोजणीच्या दिवशी भूकरमापक, पटवारी, कोतवाल, लगतचे शेतकरी आणि मी. बायका आमच्याकडं स्मशानात जात नाहीत. आम्ही ख्रिस्ती बायका मातीला जातो, पण ते गावाला फारसं माहीत नाही. शेजारच्या शेतकऱ्यानं विचारलंच, "तू काहून आली वं इथं?" मी म्हटलं, अर्ज माझ्या हातचा आहे काका. रोव्हरची, म्हणजे उपग्रहावरून जागा मोजणाऱ्या यंत्राची, काठी बाभळींमधून फिरली आणि खुणा पडल्या, तेव्हा दिसलं, की त्याच काकांच्या कपाशीची सात-आठ तासं स्मशानाच्या हद्दीत आहेत. सगळे गप्प. बोंडं फुटलेली होती. आमच्यातला एक तरुण लगेच पंचनाम्याची भाषा करू लागला, त्याला मी बाजूला घेतलं. ठरलं असं, की काकांनी शेवटची वेचणी करून घ्यावी आणि उन्हाळवाही करताना धुरा मागं घ्यावा. काकांनी मार्चमध्ये तो घेतला. मोजणीच्या नकाशाची "क" प्रत नंतर मिळते, ती जपून ठेवा. पुढं प्रत्येक टेबलावर तीच मागतात.

ठराव, निस्तार पत्रक, सातबारा आणि "क" प्रत लावून प्रस्ताव तहसीलमध्ये गेला. स्मशान-दफनासाठी जमीन राखून ठेवण्याचा अधिकार संहितेच्या कलम २२ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांचा, म्हणून तो तिथून एसडीओंकडं, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडं, आणि मग वर जायचा. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. आमच्याकडं २६ एप्रिलला मतदान झालं, पण जूनपर्यंत फाइल हलली नाही. मग त्रुटीचं पत्र आलं: पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासूनचं अंतर दाखवा, प्राथमिक आरोग्य केंद्राचं ना-हरकत जोडा. हे दोन्ही आधीच जोडलं असतं तर दोन महिने वाचले असते, पण कोणत्याही यादीत ते लिहिलेलं नव्हतं. एका टेबलावर तर, "तुमच्यात लग्नं नाही का होत, हे काय घेऊन फिरता," असंही ऐकून घेतलं. पोच दाखवून पुढची तारीख मागितली.

सप्टेंबरात आदेश निघाला, विधानसभेची आचारसंहिता लागायच्या महिनाभर आधी. ०.८१ पैकी ०.२० हेक्टर, म्हणजे वीस आर, दफनासाठी. अर्ध्या एकराला थोडं कमीच. मग फेरफार, पंधरा दिवसांची नोटीस, हरकत कोणाची नाही, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली. सातबाऱ्याच्या इतर हक्कात ती ओळ दिसली त्या रात्री मी आईला फोनवरच दाखवली. ती चष्मा शोधत बसली.

डिसेंबरात जेसीबी लावून बाभळी काढल्या. ताशी अकराशेच्या भावानं पाच-सहा हजार गेले, ते मंडळीनं आणि गोसाव्यांनी वाटून घेतले. पाळकांनी समर्पणाची प्रार्थना केली, त्यानंतर गोसावी भाऊंनी त्यांच्या बाजूला नारळ फोडला. क्रूसवाले आजोबा दोन्हीला उभे होते.

कुंपणासाठी जनसुविधा योजनेत मागणी केली आहे. स्मशान आणि दफनभूमीची कामं त्यात बसतात. अंदाजपत्रक सध्या अभियंत्यांच्या टेबलावर आहे. तोवर गुरं आत जाऊ नयेत म्हणून भाऊंनी कडेनं बोरीच्या काट्या लावल्यात, आणि दर पंधरवड्याला कोणीतरी त्या सरपणाला उचलून नेतं.